साडेतीन हातांची काठी

एका गावात एक काठी होती. गावाचं नाव कोंडसरी. काठी तिवसाच्या लाकडाची, बरोबर सहा हात लांब, दोन्ही टोकांना पितळेची टोपणं. दर हातावर तापल्या सळईनं एक काळा वेढा उमटवलेला, असे पाच वेढे. ती चावडीत दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली असे आणि वर्षातून एकदाच खाली उतरे.

कोंडसरीच्या मागं मोठा डोंगर होता. त्यावर ऐन, हिरडा, मोह, बांबू, आणि मधून माणूसभर गवत. डोंगरात एक झरा होता आणि त्याच झऱ्याचं पाणी गाव पीत असे. डोंगराच्या पलीकडं खिंड होती आणि खिंडीपलीकडं मैलोन्‌मैल उघडं माळरान. त्या माळावर उन्हाळ्यात कुठं ना कुठं आग लागायचीच. कुणी चूल विझवायला विसरायचा, कुणी शेतातला काडीकचरा पेटवून घरी जेवायला जायचा. वाऱ्यावर ती आग खिंडीतून डोंगराकडं यायची.

म्हणून जुन्या राजानं तांब्याच्या पत्र्यावर हुकूम कोरून दिला होता : ‘डोंगराभोवती दहा काठ्या रुंद जाळरेषा दरसाल काढावी.’ जाळरेषा म्हणजे गवत नसलेला पट्टा. माघ महिन्यात घरटी एक माणूस विळा घेऊन डोंगरावर जायचा. पट्ट्यातलं गवत कापायचं, मधोमध ओळीनं रचायचं आणि सकाळी दंव असताना, वारा पडलेला असताना ते जाळून टाकायचं. दोन्ही बाजूंना माणसं ओले डहाळे घेऊन उभी राहायची. मग राहायची ती नुसती काळी जमीन. उन्हाळ्यात वणवा आला की त्या काळ्या जमिनीपर्यंत यायचा, पुढं खायला काही नाही म्हणून तिथंच मरायचा. उडालेल्या ठिणग्याही साठ हात उडेपर्यंत राख होऊन जायच्या.

हे काम सलग तीन दिवसांचं. पाठ मोडणारं, धुरानं डोळे सुजवणारं. पण गाव ते करी.

आता इथून पुढं जे झालं ते सांगताना मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

कोंडसरीचे पाटील होते नारोजी. माणूस गोड बोलायचा. कुणालाही नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. डोंगर जळला नाही की महाराज दरवर्षी पाटलांना एक मानाचं पागोटं पाठवत. नारोजींच्या घरी अशी दहा पागोटी झाली होती आणि ती ओसरीवर ओळीनं मांडलेली असत. येणाऱ्याजाणाऱ्याला पाटील ती दाखवत.

अकराव्या वर्षी माघ जवळ आला तसं गाव कुरकुरू लागलं. पाटलांच्या ओसरीवर चारजण येऊन बसले. एकजण म्हणाला, “पाटील, धा वर्सं झाली, वणव्याचा पत्त्या न्हाई. मग ही पाठमोड कशापायी?”

वणवा येत होता. दर दोन-तीन वर्षांनी खिंडीपर्यंत येत होता आणि रेषेवर मरत होता. म्हणून तर तो गावाला दिसत नव्हता! पण जे दिसत नाही त्याच्यासाठी वाकायला कुणाला आवडतं? नारोजींनाही हे कळत होतं. त्यांनी साफ ‘नाही’ म्हणायला हवं होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “हुकूम मोडता येत नाही. पण तुमचा त्रास कमी करतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी हरबा सुताराला बोलावलं. हरबाचा हात गावात नावाजलेला. पाटलांनी काठी खुंटीवरून काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. “टोकाकडचा वीतभर तुकडा काप. टोपण परत नीट बसव.”

हरबानं वर पाहिलं. “पाटील, ही मापाची काठी हाय.”

“म्हणूनच तुला बोलावलं. आणि हे बघ, यंदापासून तुझ्या घरचा माणूस जाळरेषेला आला नाही तरी चालेल.”

हरबानं करवतीच्या पात्यावरून अंगठा फिरवला. तीन दिवसांची धुरातली राबणूक त्याच्या डोळ्यांपुढं आली असणार. त्यानं काठी कापली. वीतभर तुकडा चांगला कसदार होता, टाकवेना. त्यानं तो हातोडीला बसवला.

त्या वर्षी रेषा पंचावन्न हात झाली आणि काम तिसऱ्या दिवशी दुपारीच आटपलं. लोक पाटलांना दुवा देत घरी गेले. पुढल्या वर्षी पाटलांनी एक हात कापायला लावला. हरबाच्या वाकसाला, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराला, नवा दांडा झाला. त्याच्या पुढल्या वर्षी आणखी एक हात. त्याचा कुऱ्हाडीला दांडा झाला. काठी आता साडेतीन हात उरली होती. रेषा काढायला एक दिवस आणि एक सकाळ पुरत होती, आणि कागदावर ती अजूनही दहा काठ्याच होती! पाटलांच्या ओसरीवर बारा पागोटी झाली.

तुम्ही म्हणाल, गावाला कळलं नसेल. कसं कळणार नाही? चावडीत लहान पोरं त्या काठीवरचे वेढे मोजून आकडे शिकत. पूर्वी पाचापर्यंत शिकत, आता तिनापर्यंत. दोन खुंट्यांतलं अंतर काठीला जास्त झालं, म्हणून एक खुंटी उपटून अलीकडं ठोकावी लागली होती. जुन्या खुंटीचं भोक भिंतीत तसंच होतं. सगळं गाव त्या भोकाखाली बसून सुपारी कातरत होतं आणि एकाच्याही तोंडून शब्द निघत नव्हता. काठी खोटी झाली होती, पण घरटी दीड दिवस वाचत होता ना!

बोलला एकटा बुधा. बुधा हा डोंगराचा राखणदार. तो डोंगरावरच्या पाड्यात राहायचा. पाडा बारा झोपड्यांचा. रेषा मोजायचं काम त्याचं. तिसऱ्यांदा काठी कापली त्या माघात त्यानं ती हातात घेतली, जमिनीवर उभी केली आणि तिच्या शेजारी स्वतः उभा राहिला. काठीचं टोपण त्याच्या टाळूला टेकलं.

“पाटील,” तो सगळ्यांसमोर म्हणाला, “ही काठी माझ्या डोस्क्याच्या वर दोन हातांहून जास्त जायाची. आता डोस्क्यालाच लागतीया.”

नारोजी हसले. “बुधा, साठीत उंची वाढली व्हय रं तुझी?”

सगळं गाव खो खो हसलं. हरबाही हसला. बुधा हसला नाही. तो म्हणाला, “पस्तीस हातांवरनं ठिणगी उडून जाती, पाटील. म्या बघितलंय.” पण हशात ते कुणी ऐकलं नाही. त्यानं ती काठी घेऊनच रेषा मोजली, कारण दुसरी काठी नव्हती. संध्याकाळी लोक घरी गेल्यावर तो आणि त्याची बायको चांगुणा खिंडीखाली आणखी थोडं गवत कापत राहिली. दोन माणसं किती कापणार?

त्या माघानंतरच्याच चैत्रात, भर दुपारी, खिंडीपलीकडं धूर दिसला. गावातल्या प्रत्येकानं तो पाहिला. बायका पाण्याला चालल्या होत्या, त्या थांबून बघत राहिल्या. वारा पश्चिमेचा होता आणि जोराचा होता.

त्या वेळी धावायला हवं होतं. घरटी एक माणूस, हातात ओला डहाळा, सरळ रेषेवर. बुधा पाड्यातले सात गडी घेऊन तसा धावला आणि त्यानं चांगुणेला खाली गावात पिटाळलं. ती धापा टाकत चावडीवर आली. “पाटील, मानसं द्या! रेषेवर मानसं द्या!”

पाटील म्हणाले, “घाई करू नकोस. महाराजांकडं घोडेस्वार पाठवलाय. हुकूम येऊ दे.”

“हुकूम येस्तवर डोंगर ऱ्हातोय व्हय?”

“रेषा आहे ना? दहा काठ्या आहे. आग तिथंच थांबेल.”

हे ते गंभीरपणे म्हणाले. आपणच कापलेल्या काठीवर त्यांचा विश्वास बसला होता! तीन वर्षं खोटं कागदावर लिहिलं की लिहिणाऱ्यालाही ते खरं वाटू लागतं. चांगुणेनं गावाकडं पाहिलं. काही माणसं उठली, पाटलांकडं पाहून परत बसली. ती तशीच उलट पावली डोंगराकडं पळाली.

आग रेषेपर्यंत आली. खिंडीखाली आठ माणसं डहाळे मारत उभी होती. थोडा वेळ वाटलं की थांबेल. मग पेटलेल्या गवताचे पुंजके वाऱ्यानं उचलले आणि पस्तीस हातांवरून पलीकडं टाकले. पाठीमागून गवत पेटलं. बुधानं सातही जणांना आरडून बाजूच्या कातळावर पळवलं. स्वतः मात्र तो एका जागी पेटलेला पुंजका विझवत राहिला आणि त्याला दोन्हीकडून आगीनं घेरलं. तो साठ वर्षांचा होता. पळणं त्याला आता जमत नव्हतं.

डोंगर दोन दिवस जळला. पाड्यातल्या बाराही झोपड्या गेल्या. नऊ माणसं भाजली. घरट्यातली पिलं गेली, सशांची बिळं गेली, मोहाची शंभर वर्षांची झाडं उभीच्या उभी कोळसा झाली. झरा आधी बारीक झाला आणि आठवड्यात आटला. भाजलेली माणसं गावाच्या धर्मशाळेत जमिनीवर पडली होती आणि त्यांच्या जखमांना बांधायला धड फडकी नव्हती. महाराजांचा हुकूम तिसऱ्या दिवशी आला. त्यात लिहिलं होतं की आग विझवावी.

चौथ्या दिवशी सकाळी महाराज स्वतः आले. चावडीपुढं गाव जमलं. महाराजांनी विचारलं, “आग कुणी लावली?”

बघा हं, पहिला प्रश्न हा! ती रेषेवर का थांबली नाही, असं त्यांनी विचारलं नाही. नारोजींना हेच हवं होतं. ते हात जोडून म्हणाले, “महाराज, ही चांगुणा. मोहाची फुलं वेचायला ही झाडाखालचा पाला जाळते. तिथूनच लागली.”

चांगुणेच्या कपाळाला कुंकू नव्हतं, पदराला अजून धुराचा वास होता. ती म्हणाली, “म्हाराज, आग खिंडीतनं आली. माझी मोहाची झाडं रेषेच्या अलीकडं. हितल्या परत्येकानं खिंडीतला धूर बघितलाय.” ती गावाकडं वळली. “सांगा की! बघितला का न्हाई?”

गाव जमिनीकडं बघू लागलं. धूर पाहिला म्हटलं तर पुढचा प्रश्न रेषेचा येणार होता, रेषेवरून काठीचा, आणि काठीवरून प्रत्येकाच्या घरातल्या त्या वाचलेल्या दीड दिवसाचा. शंभर घरांचं गाव मूग गिळून बसलं. ज्या माणसानं त्यांच्यासाठी जीव दिला त्याच्या बायकोला ही माणसं डोळ्यांदेखत बुडवत होती. थू!

चांगुणा म्हणाली, “रेषाच बारकी हुती, म्हाराज. काठी कापलीया.”

महाराज न्यायी होते, निदान त्यांना तसं वाटत असे. त्यांनी कारकुनाला काठी घेऊन डोंगरावर धाडलं. तो दुपारपर्यंत परत आला. “महाराज, रेषा बरोबर दहा काठ्या आहे. एक बोट कमी नाही.”

ज्या काठीवर संशय तिच्यानंच मोजलं! पण महाराजांचं समाधान झालं. त्यांनी निकाल दिला, “पाड्यातल्या लोकांनी आजच डोंगर सोडावा. पुन्हा कुणी वर जाऊ नये. पायथ्याशी मनाईचा खांब रोवा.”

बारा घरांना आता ना छप्पर राहिलं, ना जागा. धर्मशाळेत पडलेल्यांनाही आजच उचलून न्यावं लागणार होतं. चांगुणा खाली बसली. रडली नाही. इतकंच म्हणाली, “मालकांची राख वर हाय. ती तरी आनू द्या.”

महाराजांनी मान फिरवली. नारोजी घाईनं म्हणाले, “हरबा, खांब कर. आत्ताच, इथंच.”

सागाचा एक ओंडका आणला गेला. हरबानं कुऱ्हाड उचलली. दांड्यावर मूठ आवळली तसा त्याचा अंगठा एका खरबरीत जागी गेला. तो काळा वेढा होता. काठीवरचा चौथा. दोन महिने रोज तो त्याच्या अंगठ्याखाली होता आणि रोज त्यानं तो ओळखला होता. त्या दिवशी चावडीत बुधाला हसताना त्याचा स्वतःचा आवाज कसा होता, तेही त्याला आठवलं. समोर चांगुणा बसली होती. तिच्या पायांना फोड आले होते.

“कर की,” नारोजी म्हणाले. “थांबलास कशाला?”

हरबानं कुऱ्हाड ओंडक्यावर मारली नाही. ती उलटी धरून दगडावर आपटली. पातं निखळून पडलं. त्यानं पेटी उघडली, वाकसाचं पातं तसंच ठोकून काढलं, मग हातोडीचं डोकं. लोकांना वाटलं, सुताराचं डोकं फिरलं. तो तीन दांडे घेऊन पुढं आला, कारकुनाच्या हातातली काठी ओढून घेतली आणि जमिनीवर ठेवली. तिचं टोपण उपटलं. तिच्या टोकाला कुऱ्हाडीचा दांडा लावला, त्याला वाकसाचा, त्याला हातोडीची मूठ. तिवसाच्या रेघा एकातून दुसऱ्यात सरळ गेल्या. तीन वेढ्यांपुढं चौथा आला आणि चौथ्यापुढं पाचवा.

“सहा हात, म्हाराज,” तो म्हणाला. “म्या कापली. तीनदा कापली. पाटलांनी सांगितलं, अन् मला तीन दिसांची सुटका मिळत हुती. आग खिंडीतनंच आली. म्याबी धूर बघितला. बुधा समद्यांदेखत बोलला हुता, अन् आम्ही समदे हसलो.”

महाराजांनी नारोजींकडं पाहिलं. नारोजी पुटपुटले, “गावाच्या सोयीसाठी केलं, महाराज. माझा काय फायदा?”

“गावाला हे ठाऊक होतं?” महाराजांनी विचारलं. मागून एक म्हातारा म्हणाला, “आम्हाला वाटलं, वणवा काय येत न्हाई.”

महाराज संतापानं उभे राहिले. ते गावाला काही बोलणार, इतक्यात चांगुणा उठली. “म्हाराज, तुमीबी थांबा जरा. पागोटी तुमीच धाडली. बारा वर्सांत एकदा तरी डोंगरावर येऊन रेषा बघितली का? मघाशी मोजायला धाडलं ते तरी कुठल्या काठीनं मोजलं?”

महाराजांचा चेहरा उतरला. राजाला असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. पण ते परत खाली बसले. मग त्यांनी पहिला हुकूम दिला तो पागोट्यांचा. नारोजींच्या ओसरीवरून बाराही पागोटी आणवली. चांगलं मऊ सुती कापड होतं. ती फाडून भाजलेल्यांच्या जखमांना पट्ट्या केल्या. नारोजींची पाटीलकी गेली आणि पाड्याच्या झोपड्या उभ्या राहीपर्यंत त्यांनी गड्यांबरोबर माती वाहावी असं ठरलं. गावानं बारा घरं बांधून द्यावीत, आणि डोंगराची राखण चांगुणेकडं राहावी.

“आणि हरबा, तू नवी काठी कर,” महाराज म्हणाले.

“नवी नगं,” चांगुणा म्हणाली. “हीच जोडा. लोखंडाच्या पट्ट्या मारा. जोड दिसू द्या.”

हरबानं काठी जोडली. तीन ठिकाणी लोखंडी पट्ट्या ठोकल्या. भिंतीतल्या जुन्या भोकात पुन्हा खुंटी बसवली. त्या पावसाळ्यात उघड्या डोंगराची माती वाहून गावाच्या तळ्यात उतरली आणि झरा आटलेलं गाव वर्षभर तेच गढूळ पाणी प्यालं. तेही पुरेना, तेव्हा लांबच्या नदीवरून पाणी आणताना बायकांच्या कमरा धरल्या. दीड दिवस वाचवला होता ना, तो असा वसूल झाला. बुधाची राख चांगुणेनं खिंडीखाली, तो उभा होता तिथंच पुरली.

पुढल्या माघात घरटी एक माणूस विळा घेऊन वर गेला. डोंगर काळा पडलेला, मधून कुठं कोवळं गवत फुटलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक शेतकरी पाठ सरळ करत म्हणाला, “चांगुणाबाई, यंदा जळायला उरलंय तरी काय? चाळीस हात बास की.”

चांगुणेनं खांद्यावरची काठी त्याच्या हातात दिली. त्याचा हात बरोबर लोखंडी पट्टीवर पडला. पट्टी उन्हानं तापली होती. त्यानं चटका बसल्यासारखा हात काढला, काठी परत दिली आणि खाली वाकून पुन्हा गवत कापू लागला. त्याच्या शेजारच्या पट्ट्यात हरबा कापत होता. तो सकाळपासून एकदाही उठला नव्हता.

तात्पर्य: वणवा पेटल्यावर ठिणगी कुणाची हे शोधणारे पुष्कळ भेटतात, पण वणवा अडवणारी रेषा अरुंद होत असताना जे गप्प बसतात आणि त्यातून आपली सोय पाहतात, ते सगळे त्या आगीचे धनी असतात.